‘गेलो होतो’चं ‘हॅड गॉन’ होतं, त्यावर उपाय

माझ्याकडे जे इंग्रजी तपासायला येतं ते बहुतेक ‘मी’चं असतं. परदेशी विद्यापीठासाठी स्वतःबद्दल लिहिलेलं दोन पानी निवेदन, नोकरीच्या अर्जासोबतचं पत्र, क्लायंटला द्यायचा खुलासा, विम्याच्या दाव्यासाठी लिहिलेली हकिकत. सुरुवात भाच्यापासून झाली, मग भाच्याचे मित्र आले, मग त्या मित्रांच्या बहिणी. स्पेलिंग आता संगणकच सुधारून देतो. एक चूक मात्र त्याच्या चाळणीतून दर वेळी खाली उतरते. समजावून सांगितलं, समोरच्याने मान डोलावली, तरी पुढच्या मसुद्यात ती हजर:

‘आय हॅड कम्प्लीटेड माय इंजिनिअरिंग इन २०२१.’

‘आय हॅड डन माय स्कूलिंग इन कोल्हापूर.’

‘आय हॅड सेंट यू द फाइल यस्टरडे.’

लाल रेघ येत नाही, कारण यातलं कुठलंही वाक्य सुटं घेतलं तर त्यात खोट काढता येत नाही. योग्य शेजार मिळाला तर ते बरोबरही ठरेल. पण लिहिणाऱ्याने तो शेजार दिलेला नसतो. आपल्याला कुणी येऊन म्हणालं, ‘त्याच्या आधीच मी फाइल पाठवून टाकली होती,’ आणि गप्प बसलं, तर आपण विचारू, ‘कशाच्या आधी?’ इंग्रजी ज्याची घरची भाषा आहे त्याला ‘आय हॅड सेंट’ एकटं ऐकून तसंच होतं. एका मुलीने असा मेल पाठवला तेव्हा पलीकडून खरोखरच विचारणा आली की फाइल नंतर परत घेतलीत का. विचारणारी बाई खोचकपणे विचारत नव्हती. तिला तेवढाच अर्थ लागत होता.

ही सवय जात का नाही याचा विचार करताना मला शाळेतला फळा आठवतो. मराठीच्या तासाला आपण भूतकाळाचे प्रकार शिकलो: साधा, अपूर्ण, पूर्ण, रीती. ‘मी गेलो होतो’ हा पूर्ण भूतकाळ. पुढच्या तासाला इंग्रजीचे सर आले, ‘पास्ट परफेक्ट’ लिहिलं, समोर ‘पूर्ण भूतकाळ’ लिहिलं आणि खाली ‘आय हॅड गॉन – मी गेलो होतो’ अशी जोडी लावून दिली. भाषांतर म्हणून ते चुकलेलं नाही. ‘परफेक्ट’ ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थही पुरं झालेलं असाच आहे. गोची अशी की नावाच्या पाटीवरून आपण धरून चालतो की दोघांचं कामही तेच. मराठीतला ‘होतो’ चार घरची कामं करतो, आणि इंग्रजी ‘हॅड’ त्यातलं एकच घर सांभाळतो.

ते एक घर आधी बघू. मूळचे जर्मन तत्त्वज्ञ हान्स रायशेनबाख यांनी १९४७ साली काळांची जी मांडणी केली ती इथे फार उपयोगी पडते. त्यांनी म्हटलं की क्रियापदाच्या काळात तीन बिंदू असतात. एक, घटना घडली तो. दोन, आपण बोलतो आहोत तो. आणि तिसरा, जिथे उभं राहून आपण त्या घटनेकडे बघतो आहोत तो. साध्या भूतकाळात घटना आणि बघण्याची जागा एकच असते, दोन्ही मागे. पास्ट परफेक्टमध्ये बघण्याची जागा मागे असते आणि घटना त्याच्याही मागे. मी पोरांना सांगताना या तिसऱ्या बिंदूला खुंटी म्हणते. ‘हॅड’ला टांगायला भूतकाळात एक खुंटी लागते. ‘व्हेन द बेल रँग, आय हॅड फिनिश्ड द पेपर.’ बेल वाजली ही खुंटी, पेपर संपला तो तिच्या आधी. खुंटी नसेल तर ‘हॅड’ खाली पडतो.

खुंटी त्याच वाक्यात असायला हवी असं नाही. विम्याच्या हकिकतीतलं हे बघा: ‘आय हॅड पार्क्ट माय कार आउटसाइड द गेट. व्हेन आय केम डाउन इन द मॉर्निंग, द मिरर वॉज ब्रोकन.’ खुंटी दुसऱ्या वाक्यात आहे, सकाळी खाली उतरलो ती वेळ. इथे ‘हॅड पार्क्ट’ अगदी जागेवर आहे, आणि मराठीतही आपण ‘लावली होती’च म्हणू. अशी वाक्यं दुरुस्त करायला जाऊ नका. नवा नियम कळल्याच्या उत्साहात बरेच जण सगळेच ‘हॅड’ उपटून टाकतात, ते दुसरं दुखणं.

आता ‘होतो’ची बाकीची घरं. खरी मेख इथेच आहे.

‘मी पुण्याला गेले’ आणि ‘मी पुण्याला गेले होते’ यात फरक काय? दुसऱ्यात मी परत आले आहे. ‘मी दार लावलं’ म्हणजे दार आता लागलेलं आहे. ‘मी दार लावलं होतं’ म्हटलं की ऐकणारा लगेच दाराकडे बघतो, कारण ते उघडं असणार. मराठीत हा ‘होतं’ सांगतो की त्या कृतीचा परिणाम आता उरलेला नाही, किंवा तो उरला पाहिजे होता आणि कुणीतरी घोळ घातला. ‘मी तुला सांगितलं होतं’ यात सांगण्यापेक्षा तू ऐकलं नाहीस हेच जास्त. ‘मी काल फोन केला होता’ यात एक हलकी तक्रार आहे, निदान पुढच्या बोलण्याची नांदी तरी. म्हणजे आपण बघतो आहोत ते आत्ता, इथे उभं राहून. भूतकाळात खुंटी नाहीच. म्हणून इंग्रजीत ही सगळी वाक्यं साध्या भूतकाळात जातात: ‘आय वेंट टू पुणे यस्टरडे.’ ‘आय कॉल्ड यू यस्टरडे.’ ‘आय टोल्ड यू.’

इथे पोरं हमखास अडतात. म्हणतात, मावशी, ‘आय लॉक्ट द डोअर’मध्ये तो जोर येत नाही. खरं आहे, मराठी ‘होतं’मधला ठसका त्यात नाही. तो हवा असेल तर इंग्रजी वेगळी चीज वापरतं: ‘आय डिड लॉक द डोअर.’ ‘आय डिड सेंड द फाइल.’ मी लावलं होतं हो, मी पाठवली होती हो, यातला ‘हो’ म्हणजे हा ‘डिड’. ज्यांना ‘हॅड’ काढल्यावर वाक्य सपाट वाटतं त्यांना हे दिलं की त्यांची कुरकुर थांबते. फक्त ऑफिसच्या मेलमध्ये जरा जपून. ‘आय डिड सेंड’ हे लेखी वाचताना भांडणाच्या सुरात ऐकू येऊ शकतं.

दुसरं घर याहून फसवं आहे, कारण तिथे खुंटी असूनही ‘हॅड’ चुकतो. एकाने रात्री फोन न उचलल्याचा खुलासा वरिष्ठांना लिहिला: ‘व्हेन यू कॉल्ड, आय हॅड स्लेप्ट.’ खुंटी आहे, फोन आला ती वेळ. मराठीत ‘तुमचा फोन आला तेव्हा मी झोपलो होतो’, काही चुकलेलं वाटत नाही. पण ‘आय हॅड स्लेप्ट’चा अर्थ होतो की माझी झोप तोवर झाली होती, मी उठून बसलो होतो. म्हणजे फोन न उचलण्याचं कारणच उरलं नाही! हवं होतं ‘आय वॉज अस्लीप’.

हे का होतं? आपलं ‘झोपणं’ म्हणजे मुळात आडवं होणं, झोपी जाणं, ती सुरुवातीची हालचाल. ती झाली की ‘झोपलो होतो’ म्हणजे अजून झोपेतच आहे. इंग्रजी ‘स्लीप’ म्हणजे झोपेचा सगळा काळ, तो पुरा झाला की जाग. ‘बसणं’ही तसंच. ‘मी बाकावर बसले होते’ याचं ‘आय हॅड सॅट’ होत नाही, ‘आय वॉज सिटिंग’ होतं. ‘मी साडी नेसले होते’ म्हणजे ‘आय वॉज वेअरिंग अ सारी’. ‘आय हॅड वोर्न’ म्हटलं की ती केव्हातरी आधी नेसून सोडून ठेवलेली. ‘मी दमले होते’, ‘मला भूक लागली होती’, ‘मी घाबरले होते’, ही सगळी अवस्थेची वाक्यं आहेत: ‘आय वॉज टायर्ड, आय वॉज हंग्री, आय वॉज स्केअर्ड.’ ‘आय हॅड फेल्ट हंग्री’ असं मी एका निबंधात तीनदा खोडलं आहे.

हे घर ओळखायला मी फोटो काढायला सांगते. त्या क्षणी तुमचा कुणी फोटो काढला असता तर ती गोष्ट फोटोत दिसली असती का? बाकावर बसलेली दिसेन, साडीत दिसेन, झोपलेली दिसेन. दिसत असेल तर ‘वॉज’. पेपर लिहून संपवणं फोटोत दिसत नाही, दिसतो तो रिकाम्या हाताने बसलेला विद्यार्थी. तिथे ‘हॅड’. याआधी मी वेगळी युक्ती सांगत असे: ‘बसलेलो होतो’ असं म्हणून बघा, जमलं तर अवस्था. मुंबईकडच्या पोरांनी ती पार मोडीत काढली. त्यांच्या तोंडी सगळंच ‘गेलेलो’, ‘बोललेलो’, ‘सांगितलेलं’. मग फोटोवर आले.

तिसरं घर छोटं आहे. ‘माझं जेवण झालं होतं’, ‘माझा अभ्यास झाला होता’ अशी वाक्यं आपण ‘मी’ला बाजूला बसवून बोलतो, काम आपोआप झाल्यासारखं. ती शब्दशः नेली की ‘माय लंच वॉज डन’ होतं. इथे इंग्रजीला कर्ता समोर हवा, आणि खुंटी असेल तर ‘हॅड’ही हवा: ‘व्हेन दे केम, आय हॅड ऑलरेडी ईटन.’ म्हणजे जिथे खरोखर ‘हॅड’ पाहिजे तिथे आपण तो गाळतो. बरं, ‘ऑलरेडी’ ही खुंटी नव्हे. तो शब्द टाकला की ‘हॅड’ला परवाना मिळाला असं समजणारे पुष्कळ आहेत.

उपाय एका प्रश्नाचा आहे. ‘हॅड’ लिहिलं की वाक्याचं मराठी मनात म्हणा आणि त्यात ‘त्याआधीच’ घाला. मग विचारा, ‘कशाआधी?’ उत्तर मजकुरात बोट ठेवून दाखवता आलं तर ‘हॅड’ ठेवा. ‘मी २०२१ साली त्याआधीच इंजिनिअरिंग पूर्ण केलं होतं.’ कशाआधी? काही नाही. मग ‘आय कम्प्लीटेड माय इंजिनिअरिंग इन २०२१.’ ‘आत्ताच्या आधी’ हे उत्तर धरायचं नाही, कारण आत्ताच्या आधी तर सगळाच भूतकाळ. नुसतं साल किंवा ‘यस्टरडे’ हेही उत्तर नाही, ती घटनेचीच तारीख आहे. ‘बाय २०२१’ मात्र चालतं, कारण ‘बाय’ त्या सालालाच खुंटी करतो: ‘बाय २०२१ आय हॅड पब्लिश्ड टू पेपर्स’, २०२१ उजाडेपर्यंत दोन निबंध छापून झाले होते.

भाच्याच्या निवेदनातला मूळ परिच्छेद असा होता: ‘आय हॅड जॉइन्ड कॉलेज इन २०१७. आय हॅड लर्न्ट पायथन इन द फर्स्ट इयर. आय हॅड डन अ प्रोजेक्ट ऑन क्रॉप प्राइसेस. आय हॅड फेस्ड मेनी प्रॉब्लेम्स.’ चार ‘हॅड’, खुंटी एकही नाही. वाचणारा चारही वाक्यं हातात धरून उभा राहतो, ठेवू कुठे? आम्ही बसून केलं ते असं: ‘आय जॉइन्ड कॉलेज इन २०१७ अँड लर्न्ट पायथन इन माय फर्स्ट इयर. बाय द टाइम आय स्टार्टेड माय प्रोजेक्ट ऑन क्रॉप प्राइसेस, आय हॅड रिटन ओन्ली स्मॉल प्रोग्राम्स, अँड नन ऑफ देम हॅड यूज्ड रिअल डेटा.’ ‘हॅड’ दोनदाच आला, पण आता तो काहीतरी सांगतो: प्रकल्पाला हात घातला तेव्हा गड्याची तयारी तोकडी होती. अडचणी का आल्या ते वेगळं लिहावं लागलं नाही. माझ्या मते निवेदनात पास्ट परफेक्टचा सगळ्यात चांगला उपयोग हाच, अमुक वळणावर आलो तेव्हा गाठीशी काय होतं आणि काय नव्हतं ते दाखवणं.

‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’ असेल तर क्रम त्या शब्दानेच कळतो. ‘आफ्टर आय फिनिश्ड स्कूल, आय मूव्ह्ड टू नाशिक’ बरोबर, ‘हॅड फिनिश्ड’ही बरोबर. यावर वेळ घालवू नका. तसंच गोष्ट मागे नेताना पहिल्या एकदोन वाक्यांत ‘हॅड’ आला की पुढे साध्या भूतकाळात चाललं तरी चालतं, वाचकाला कळलेलं असतं आपण कुठे आहोत ते.

उलट बाजूचीही तपासणी करा, म्हणजे मराठीत ‘होतो’ नसतो आणि इंग्रजीत ‘हॅड’ लागतो ती. ‘पाहुणे येईपर्यंत मी सगळं आवरलं.’ मराठीत साधा भूतकाळ, काम भागलं. इंग्रजीत ‘बाय द टाइम द गेस्ट्स केम, आय हॅड क्लीन्ड एव्हरीथिंग.’ आपला ‘-पर्यंत’ क्रम सांगून मोकळा होतो. त्याहून मोठी जागा ‘की’ची. मराठीत दुसऱ्याचं किंवा स्वतःचंच बोलणं सांगताना आपण मूळ काळ तसाच ठेवतो: ‘मी त्यांना म्हटलं की मी पैसे भरलेत.’ ‘स्टेशनवर लक्षात आलं की तिकीट घरीच राहिलंय.’ इंग्रजी तिथे काळ एक पायरी मागे ढकलतं: ‘आय टोल्ड देम आय हॅड पेड.’ ‘ॲट द स्टेशन आय रिअलाइज्ड आय हॅड लेफ्ट माय टिकेट ॲट होम.’ ‘रिअलाइज्ड’, ‘रिमेंबर्ड’, ‘फाउंड आउट’, ‘टोल्ड’, ‘थॉट’, ‘सेड’ ही क्रियापदं स्वतःच खुंट्या आहेत. ‘मी’च्या लिखाणात खरे ‘हॅड’ सगळ्यात जास्त यांच्या मागोमाग सापडतात, आणि मराठी लेखक नेमके तेच विसरतो.

‘तर’ची वाक्यं वेगळी काढा. ‘मला माहीत असतं तर मी आले असते’ याचं ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.’ इथला ‘हॅड’ घडलंच नाही हे सांगायला येतो. आपल्या ‘असतं तर’मध्ये ‘होतं’ नाही, म्हणून लोक ‘इफ आय वुड हॅव नोन’ लिहितात. ‘आय विश आय हॅड आस्क्ट’ याच जातीचं: विचारलं असतं तर बरं झालं असतं. ‘आय हॅड होप्ड टू मीट यू’ हेही उघड खुंटीशिवाय चालतं, आणि त्यात भेट झाली नाही हे आपसूक येतं.

‘आयड’ हे ‘आय हॅड’चंही आखूड रूप आणि ‘आय वुड’चंही, ते दिसलं तर पुढचा शब्द बघा. ‘आयड सीन’ म्हणजे ‘हॅड’, ‘आयड सी’ म्हणजे ‘वुड’. ‘आयड बेटर गो’मध्ये ‘हॅड’ आहे, पण अर्थ निघालेलं बरं असा आत्ताचा. ‘आय हॅड टू गो’ म्हणजे जावं लागलं आणि ‘आय हॅड अ स्कूटर’ म्हणजे माझ्याकडे स्कूटर होती. हे दोन्ही पास्ट परफेक्ट नाहीतच, त्यांना हात लावू नका.

हे सगळं कुणासाठी करायचं, हाही प्रश्न आहे. आपल्याच ऑफिसात ‘आय हॅड सेंट यू द मेल’ सगळ्यांना कळतं. शेजारच्या टेबलावरचा हिंदी बोलणारा सहकारीही ‘मैं गया था’ म्हणूनच वाढला आहे, त्यामुळे तो तुमची चूक पकडणार नाही, उलट तीच करेल. तिथे कुणाला दुरुस्त करत बसू नये, नातं बिघडतं. वाचणारा बाहेरचा असेल, परीक्षक असेल, किंवा काय कधी घडलं यावर पैसे अवलंबून असतील तेव्हाच मी अडून बसते.

मसुदा पाठवण्याआधी त्यात ‘हॅड’ शोधायला लावा, संगणक एकेक दाखवत जाईल. प्रत्येकापाशी ‘कशाआधी?’ विचारा. मग दुसरी फेरी ‘रिअलाइज्ड’ आणि ‘टोल्ड’ शोधून, त्यांच्या मागोमाग ‘हॅड’ घालायचा राहून गेलाय का बघा. दोन पानांना दहा मिनिटं पुरतात. परवा भाच्याच्या एका मित्राने असं करून पाठवलं, मसुदा स्वच्छ होता. सोबतच्या मेलमध्ये लिहिलं होतं, ‘मावशी, आय हॅड चेक्ड एव्हरीथिंग.’